नानांचा जोड

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी धुळ्यात एका खासगी कंपनीच्या शाखेत नोकरीला होते. मुख्य कार्यालय जळगावला. दोन्ही ऑफिसांना जोडणारी टेलिफोनची खास लाइन ज्या यंत्रात येऊन मिळायची, तो राउटर माझ्या ताब्यात होता. त्याला काय करायचं ते टाइप करून सांगावं लागे. पण कीबोर्डवरची वरच्या बाणाची कळ दाबली, की आधी दिलेल्या आज्ञा एकेक करून पडद्यावर परत येत. मी ती कळ इतक्या झपाट्याने वापरायची, की साहेब पाहुण्यांना मुद्दाम दाखवायला आणत.

मे महिन्यातल्या एका दुपारी किरकोळ बदल करताना मी बाण दाबला, एंटर मारलं आणि जळगाव तुटलं. मला वाटलं, लाइनच गेली. साहेबांनी टेलिफोन खात्याला कळवलं. थोड्या वेळात लाइनमन नाना आले. निवृत्तीला टेकलेले, डोक्याला ओला रुमाल. "पारोळा रस्त्यावरचा जोड देखी येतो," म्हणाले. केबलचा तो जोड त्यांनीच पूर्वी बांधला होता. मग सायकल घेऊन निघाले.

ते जिना उतरत असताना मी पुन्हा बाण दाबला. समोर आलं, 'शटडाउन'. सकाळी कामकाज सुरू होण्याआधी सराव करताना दिलेली आज्ञा मी न वाचताच परत पाठवली होती. लाइन मीच बंद केली होती.

खिडकीतून हाक मारली असती तरी नाना थांबले असते. मी मारली नाही. एका ओळीत लाइन चालू झाली असती, पण साहेब मागेच उभे होते. काय केलंस, असं त्यांनी विचारलं असतं.

तासाभराने नानांचा फोन आला. "मी जोड नवा करा. आते देख, ताई."

मी लाइन चालू केली. राउटर शेवटच्या दहाच आज्ञा लक्षात ठेवायचा, म्हणून लागोपाठ दहा निरुपद्रवी आज्ञा देऊन मी ती चूक यादीतून ढकलून दिली. साहेबांना वाटलं, मी तपासणी करतेय.

नाना घामाने निथळत परत आले. "मना जोडमाच खोट व्हती, साहेब."

"डोळे गेले वाटतं तुमचे," साहेब म्हणाले. नानांनी मान खाली घातली. जाताना मलाच म्हणाले, "तुले बी तरास झाया, ताई."

त्यानंतर पारोळ्याच्या बसमधून मी त्यांना दोनदा पाहिलं. रस्त्याकडेला उकिडवे बसून तो जोड उघडून बघत होते.

दिवाळी झाल्यावर मी त्यांना त्यांच्या ऑफिसच्या फाटकात गाठलं. "नाना, तुमचा जोड चांगला होता. चूक माझी होती."

त्यांनी सायकल स्टँडला लावली. मग विचारलं, "साहेबले सांगं का तू?"

"नाही."

"मंग मले का बरं सांगस?"

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सांगितलं. ते हसले. "अगं, किती जुनी गोष्ट!" नानांना बोलावून त्यांची चूक नव्हती असं सांगा, एवढं म्हणायचं धाडस माझं झालं नाही.

पुढे लाइन बिघडली की नाना यायचे. दारातूनच साहेबांना विचारायचे आणि परत जायचे. माझ्या टेबलाकडे ते पुन्हा कधी वळले नाहीत.