बर्फ उडवायचं यंत्र आणि जावई

कॅनडात लेकीकडे राहायला गेलो होतो. आमचा जावई प्रसाद माझ्याशी इतक्या अदबीनं वागतो, की चार वर्षांत आमचं बोलणं "चहा घेणार?" आणि "घेतो" यापुढे गेलं नव्हतं.

एका सकाळी अंगणात गुडघाभर बर्फ साचला. प्रसाद आपल्या छोट्या ट्रॅक्टरला बर्फ उडवायचं यंत्र जोडायला गेला. पण ट्रॅक्टरची आणि यंत्राची पिन घालायची भोकं काही समोरासमोर येईनात, आणि पिन त्याच्या हातातच राहिली. मी खिडकीतून बघत होतो. गावाकडे जन्मभर ट्रॅक्टरला नांगर जोडलेला माणूस मी, मला राहवेना. कोट चढवून बाहेर गेलो.

"बाबा, तुम्ही कशाला? थंडी आहे."

"तू ट्रॅक्टर बोटभर मागे घे."

त्यानं वीतभर घेतला. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. शेवटी तो बर्फात आडवा झाला आणि मी यंत्राला खांदा लावला. अर्ध्या तासानं खालून आवाज आला, "अहो, ढकला की! झोप लागली का?"

मी ढकललं. पिन खटकन बसली. जावई माझ्यावर ओरडला होता, आणि मला त्या थंडीत फार बरं वाटत होतं. पाहुण्यावर कोण ओरडतं?

यंत्र सुरू झालं. त्याचं तोंड कुठे वळलंय, हे दोघांनीही पाहिलं नव्हतं. पहिला फवारा थेट माझ्यावर आला. प्रसादनं घाबरून इंजिन बंद केलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्याला हसू आवरेना.

"हस," मी म्हणालो, "पण आधी माझा चष्मा शोध."