गयाबाईंची दोन बोटं

गयाबाईंना कुणाचंही लेकरू दिसलं, की त्या आधी त्याच्या झबल्याच्या गळ्यात दोन बोटं घालून बघत. पेडगावच्या गल्लीत माझ्या कडेवरच्या पोराला त्यांनी असंच चाचपलं आणि विचारलं, "कुनी शिवलंय हे?"

"मी," मी कसंबसं म्हटलं.

"शिवण बरी हाय. गळा मातर फाशीचा हाय. उद्यापासून ये आमच्यात."

अशी मी, गयाबाई कामाला होत्या त्या झबलीवाल्या मालकांच्या शिवणखोलीत गेले. आम्ही बाया मशीनवर झबली शिवायचो आणि मालक संध्याकाळी प्रत्येकीचा ढीग मोजायचे. गयाबाईंचा पाय अधू होता, मशीन चालवणं त्यांना जमत नव्हतं. त्या जुन्या वर्तमानपत्राचे नमुने कापायच्या, त्यावर बेतून कापड द्यायच्या आणि छातीवर फूल काढून द्यायच्या. त्या फुलाचा त्यांना लय अभिमान.

"गयाबाई, तुमचा ढीग कुठंय?" मालक चिडवायचे.

"ह्या समद्या ढिगांत हाय. हुडका."

एकदा मालकांनी ते मनावरच घेतलं. विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीत एस.टी. बंद राहून दोन-तीन बाजार बुडाले होते, त्यांचा हात आखडला होता. ते म्हणाले, "ताडकळसच्या बाजारात निम्मी फुलाची ठेवू, निम्मी साधी. फुलाची जास्त खपली तर तुमी ऱ्हावा. न्हाईतर नमुने हायेतच, कापड मीच बेतीन."

"चालतंय," गयाबाई म्हणाल्या. बाजाराला मीही बरोबर होते; एस.टी.त त्यांनी फुलाच्या झबल्यांचं गाठोडं वाटभर मांडीवरच धरलं.

दुपारपर्यंत साधी झबली संपली. फुलाची तशीच पडून होती. मालक गयाबाईंकडं बघेनात. तेवढ्यात भाच्याच्या बारशाला निघालेली एक आत्या आली. मी फुलाचं झबलं पुढं केलं, तिनं ते मागं सारलं.

"साधं न्हाई का?"

गयाबाईंनी मला कोपरानं ढोसलं. "का नको, इचार तिला."

परक्या बाईशी बोलायची मला सवय नव्हती. तरी विचारलं.

"फुलाच्या गाठी टोचत्यात लेकराला," ती म्हणाली. "पर गळा असाच पायजे, खांद्यावर नाडीचा. मागं दुसरीकडनं घेतलं, तर ते डोक्यातनं जाईना. लेकरू रडून लाल झालं. म्हनून तर हितवर आले."

मालकांनी फुलाचं झबलं उचललं, गळ्याची नाडी सोडली, बांधली. नाडीचा गळा गयाबाईंचाच होता, फुलाच्या झबल्यांना आणि साध्यांनाही; तो नमुन्यावर नसायचा, त्या बोटांच्या अंदाजानं कापायच्या.

"मालक," गयाबाई हसू दाबत म्हणाल्या, "फुडल्या बाजाराला निम्मी माझ्या गळ्याची ठेवू, निम्मी तुमी बेतलेली."

"नको बाई," मालक म्हणाले, "माझी कोन घेईल?"

गयाबाईंनी तिथंच बसून आत्याला एका झबल्याचं फूल उसवून दिलं. त्यानंतर त्यांनी फूल कधी काढलं नाही. "ते माझ्या हौसेचं व्हतं," म्हणायच्या, "लेकराच्या न्हाई."

मालक मात्र त्या दिवसापासून संध्याकाळी प्रत्येकीच्या ढिगातलं एकेक झबलं उचलून गयाबाईंपुढं ठेवायचे. म्हणायचे, "हा तुमचा ढीग." गयाबाई प्रत्येक गळ्यात दोन बोटं घालून बघायच्या, मगच माल बांधला जायचा.

गयाबाई गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. परवा सुनेनं नातवाला दुकानातलं झबलं आणलं. छान होतं, रंगीत. माझी दोन बोटं आपसूक गळ्याशी गेली, पण आत शिरेनात.

"काय बघताय, आई?" तिनं विचारलं.

"काही नाही," म्हटलं, "जरा कात्री दे."