त्याच्या देखत

“अठ्ठ्याण्णव? अगं, तुमच्या लोकांना मार्क सवलतीत मिळतात, तसलेच का हे?”

भर सेमिनारमध्ये तो हसत म्हणाला. मराठीत. जर्मनीतल्या गार्चिंगच्या आमच्या लॅबमध्ये मराठी कळणारे दोघंच. तो, पुण्याचा सीनियर पोस्टडॉक, आणि मी, पीएचडीची विद्यार्थिनी. प्रोफेसरांनी विचारलं, काय म्हणाला? तो इंग्रजीत म्हणाला, “आमच्या भाषेत शाबासकी दिली.” सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची लाज मला आजही वाटते.

२०१६चा हिवाळा होता. धातूच्या अणूला तीन बाजूंनी चिमट्यासारखा धरणारा रेणू मी वर्षभर खपून बनवला होता. औषधांचे रेणू डाव्या-उजव्या हातांसारखे जोडीने तयार होतात. त्यातला कामाचा एकच. धातू आणि तो रेणू मिळून झालेलं माझं कॉम्प्लेक्स घातलं की शंभरातले अठ्ठ्याण्णव कामाचेच निघायचे.

मी नवीन आले तेव्हा पत्त्याच्या नोंदणीला, आनमेल्डुंगला, हाच सोबत आला होता. रविवारी पोहे करून घालायचा. मग एकदा मी फोनवर आईला ‘जयभीम’ म्हणाले, ते त्याने ऐकलं. पोहे बंद झाले.

आता त्याच्याच सांगण्यावरून माझा प्रयोग परत करायचं ठरलं. त्याच्या देखत. लॅबमध्ये दुसऱ्या कुणाचा आकडा असा कधी तपासला नव्हता. तीन आठवडे ग्लोव्हबॉक्सच्या, त्या हवाबंद काचेच्या पेटीच्या, रबरी बाह्यांत हात घालून मी उभी, आणि मागे हाताची घडी घालून तो. चोरावर नजर ठेवावी तसा. हात आत अडकलेले, त्यामुळे डोळे पुसायचीही सोय नव्हती.

आकडा तोच आला. अठ्ठ्याण्णव.

पुढच्या सेमिनारला प्रोफेसर खूश. म्हणाले, “गेनाऊ, अगदी बरोबर! पेपरवर आता दोघांची नावं पहिली. त्याने खात्री करून दिली ना.”

मी उभी राहिले. त्याचं ते मराठी वाक्य मी सगळ्यांना इंग्रजीत सांगितलं. शब्दन् शब्द. सवलत म्हणजे काय, तुमचे लोक म्हणजे कोण, तेही.

तो पांढराफटक पडला. मराठीत पुटपुटला, “अगं, घरातलं भांडण चारचौघांत कशाला?”

तेही मी इंग्रजीत सांगितलं.

“आल्झो, तर मग हे तुमचं भारतीयांचं आपसातलं आहे,” एवढं म्हणून प्रोफेसरांनी पुढची स्लाइड लावायला सांगितली. त्या दिवसापासून मेन्झात, विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये, जेवताना माझ्या टेबलावर कुणी बसेना. फार एकटं वाटायचं. आईला सांगितलं असतं तर म्हणाली असती, ये निघून. म्हणून तिलाही सांगितलं नाही.

आठवड्याने मी प्रोफेसरांना लेखी कळवलं. काम माझं आहे, पहिलं नाव माझं एकटीचंच जाईल. नाहीतर पेपर जाणार नाही.

अडला तर अडू दे. पीएचडी लांबली तर लांबू दे. एकटी जेवेन. पण माझं काम खरं ठरायला त्याची साक्ष लागते, हे मी मेले तरी मान्य करणार नाही.