तरफ, टेकू आणि कानातलं

धानानं गच्च भरलेली पत्र्याची कोठी मी एकट्यानं चार बोटं उचललेली आहे. आमच्या घरात हा विषय काढायला बंदी आहे.

मार्गशीर्षातला गुरुवार होता. साकोलीला सुनंदाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, भावाचं लग्न. दहाला गाडी येणार आणि साडेनऊला तिच्या हातून सोन्याचं कानातलं निसटलं, ते थेट ओसरीतल्या कोठीखाली! कोठी विटांवर ठेवलेली. फटीत हात मनगटापर्यंत जायचा आणि अडायचा. कानातलं त्याहून हातभर आत चमकत होतं.

"माह्या आईनं देलेलं हाये ते!" सुनंदा रडकुंडीला आली. "एका कानानं जाऊ का मांडवात?"

"कोठी रिकामी करू आणि सरकवू," मी म्हणालो.

"आज गुरुवार हाये!" आई देवापुढूनच ओरडली. "आज लक्ष्मी कोठीबाहेर नाही काढाची. काडीनं ओढून पाह्य ना रे!"

काडीनं! वीस वर्षं शाळेत साधी यंत्रं शिकवणारा मास्तर घरात उभा असताना!

मी शेजारच्या तेजरामभाऊंकडे धावलो. ते तलावात मासे धरतात. डोंगा ढकलायचा त्यांचा बांबू चांगला आठ हात लांब.

"कायले पाहिजे सर?"

"भरलेली कोठी उचलायची आहे."

"चार जण बोलावतो ना मंग!"

"तरफ असली की चार जण लागत नाहीत, भाऊ!"

तेजरामभाऊ मागोमाग आले. (बांबूच्या काळजीनं. माझ्या नव्हे.)

बांबूचं टोक कोठीखाली सरकवलं, जवळच दगडाचा टेकू दिला. "टेकू भाराजवळ, बल लांब!" असं वर्गातल्यासारखं ओरडून मी दुसऱ्या टोकावर पोटावर पडलो. कोठी करकरली आणि खरोखर उचलली गेली! सुनंदानं आडवं होऊन झाडू आत घातला आणि एका ओढीत कानातलं कोठीसमोर आणलं.

"झाडूनंच काढाचं होतं, त कोठी काहून उचलली?" आईनं विचारलं.

मला ते ऐकूच आलं नाही. विज्ञान जिंकलं होतं! मी आनंदानं टुणकन उडी मारली. बांबूवरून! कोठी धाडकन विटांवर आदळली, तळाशी धान काढायच्या तोंडाचं झाकण उडालं आणि धान सरसर वाहू लागलं. मी हातानं थोपवलं, पाठ लावली, शेवटी तिथंच बसलो. धान माझ्या मांडीवरून वाहत गेलं.

"अवो, माह्यं कानातलं कुठं हाये?"

"तिथंच आहे."

"तिथं म्हंजे कुठं?"

"धानाखाली."

सुनंदाचा चेहरा पाहून मला खरंच भीती वाटली. वीस वर्षांत तिनं माझ्यावर हात उगारलेला नाही, पण झाडू अजून तिच्या हातात होता.

तेवढ्यात आई सूप घेऊन आली. पदर खोचून बसली, ढिगातलं धान सुपात ओढून पाखडू लागली. चौथ्या सुपात कानातलं चमकलं.

"याच्यात टेकू कुठं असते रे?" सूप माझ्यापुढं धरून तिनं विचारलं.

गाडी आली. आई आणि सुनंदा तिच्यात बसल्या, मीही पाय ठेवला.

"तू कुठं?" आई म्हणाली. "दिवस बुडाच्या आत सारं धान कोठीत पाहिजे. ज्यानं काढलं त्यानंच भराचं!"

तेजरामभाऊ बांबू न्याहाळत निघून गेले. मी स्टुलावर चढत-उतरत टोपल्याटोपल्यानं कोठी भरत राहिलो. लग्नाचं जेवण साकोलीत, आणि मी ओसरीत!

संध्याकाळी दोघी परतल्या. सुनंदाच्या दोन्ही कानांत सोनं, तोंडात पान.

"काय केलं मंग दिवसभर?"

"धान जिथून निघालं तिथंच परत गेलं," मी कंबर धरून म्हणालो. "विज्ञानात याला शून्य कार्य म्हणतात."

"म्हंजे केलेलं काम शून्य? त वीस वर्सांपासून मी तुम्हाले विज्ञानच सांगून राहिली!"