फ्रेंच पाटीवरचं आमचं वाक्य

घड्याळजीने मला फसवलं आणि माझ्यामुळे गाव फसलं.

मुळशीच्या धरणात आमचं गाव जायचं ठरलं, त्या सुमारास एक गोरा कॅमेरेवाला खोऱ्यात उतरला. भाषा त्याची स्लोव्हाक, पण चित्रपट फ्रान्समध्ये दाखवायचा होता. तेव्हा पडद्यावरची माणसं बोलत नसत. मध्ये मध्ये मजकुराच्या पाट्या येत. मी मुंबईच्या गोदीत हमाली करून मुकादम झालेला, म्हणून त्याची मोडकी हिंदुस्तानी मलाच कळे. सौदाही मीच केला. घरं, खाचरं, देवीची पालखी, सगळं टिप. पण शेवटच्या पाटीवर आमचं वाक्य हवं. ‘आम्ही गेलो नाही, आम्हाला उठवलं.’

म्हातारे पाटील म्हणाले, “त्याला बेल-भंडारा उचलाया लाव. मंग आमी पालखी काढतो.”

गोऱ्याने देवळाच्या पायरीवर बेल-भंडारा उचलून शपथ घेतली. वाक्य आपल्या भाषेत वहीत लिहिलं आणि मला दोनदा हिंदुस्तानीत म्हणून दाखवलं. मला वाटलं, जिंकलो.

पण त्याला फ्रेंच येत नव्हतं. बोटीवर चढण्याआधी मजकूर फ्रेंचमध्ये हवा होता, आणि दोन्ही भाषा येणारा माणूस मी शोधून देतो असं बोलून बसलो होतो. पंधरा दिवस पुणं पालथं घातलं. एक म्हातारा पाद्री सापडला. म्हणाला, “गाव पाहिल्याशिवाय लिहिणार नाही. पाऊस सरला की येतो.”

माझं डोकं फिरलं. “तोवर काय पाणी बघायला येणार?” असं सुनावून मी उठलो. लष्कर भागात एक घड्याळजी होता, गोऱ्याच्याच मुलखातला, लढाईच्या काळात फ्रान्सला राहिलेला. तो चार दिवसांत देतो म्हणाला. वही मी त्याच्या हातात दिली. त्यालाही शपथ घालावी हे मला सुचलं नाही. बोलणाऱ्याला बांधलं आणि लिहिणाऱ्याला मोकळं सोडलं.

वर्षभराने गोऱ्याने चित्रपटाची एक प्रत पुण्याला धाडली. तंबूत खेळ लागला तेव्हा पाटलांना घेऊन गेलो. पडद्यावर पालखी आली तसे त्यांनी हात जोडले. मग शेवटची पाटी आली. शेजारी बसलेल्या, फ्रेंच येणाऱ्या कॉलेजच्या मास्तरांना विचारलं, तर त्यांनी सरळ मराठीत सांगितलं, “हे लोक आनंदाने नव्या घरी निघाले.”

बाहेर आल्यावर पाटील म्हणाले, “तू लई हुशार हायेस. आमी अडाणी. पर आमी आनंदानं न्हाई गेलो.” त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत.

मी तसाच घड्याळजीकडे गेलो, टेबलावर मूठ आपटली. डोळ्यावरचं भिंग न काढता तो म्हणाला, “तिकडे रडकी पाटी कोण बघतो? गाव दिसलं ना तुमचं?”

आता गाव पाण्याखाली आहे. माणसं चार वाड्यांत पांगली. देवीला पलीकडच्या माळावर नेलं. पालखीचं बोलावणं मला येत नाही. पाण्यावरून ढोल ऐकू येतो, तेव्हा मी दारात बसून राहतो. संबळ कुठे थांबला, पालखी कुठे वळली, सगळं आवाजावरून कळतं.

घड्याळजीचं दुकान अजून चालू आहे. माझी चूक मी सांगितली. आता त्याने माळावर यावं, बेल-भंडारा उचलावा आणि पाटलांना तोंडावर सांगावं, ते ‘आनंदाने’चं वाक्य कुणाचं होतं.