निम्मेरावांचं पंचविसावं प्लगइन

आमच्या छापखान्यात संगणक सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे निम्मेराव म्हणत. बिघाड शोधायची त्यांची रीत एकच: निम्मं बंद करायचं. बिघाड गेला, तर दोषी बंद केलेल्यांत. राहिला, तर चालू असलेल्यांत. मग त्यातलंही निम्मं. असं करत करत दोषी एकटा उरेपर्यंत जायचं. रीत चोख आहे, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

घरीही हेच. लेकीच्या अंगावर पुरळ उठलं, तेव्हा त्यांनी तिच्या ताटातले निम्मे पदार्थ बंद केले. मग बंद होते ते चालू आणि चालू होते ते बंद. चौथ्या दिवशी पोरीने जेवणावरच बहिष्कार टाकला. शेवटी बायकोने गुपचूप साबण बदलला आणि पुरळ गेलं. "साबण यादीतच नव्हता," असं ते अजून अभिमानाने सांगतात.

तर अशा या थोर माणसाच्या हाती मावशींची नोकरी आली.

मावशी आमच्याकडे संगणकावर पुस्तकांची पानं लावतात. एकोणीस वर्षं. मी शेजारच्या टेबलावर मुद्रितं वाचते, त्यामुळे त्यांच्या बोटांचा वेग मी रोज बघत आलेय. तीन महिन्यांपूर्वी त्यांचं काम मध्येच बंद पडायला लागलं. मजकूर साठवायला जावं, की पडदा पांढरा आणि तासाभराची मेहनत पाण्यात. बाकी कुणाचंच असं होईना. निम्मेरावांनी त्यांना दुसरा संगणक दिला. तिथेही तेच.

"यंत्र बदललं, माणूस तोच," मालक म्हणाले. एवढं डोकं त्यांनी पगारवाढीच्या वेळी कधी चालवलं नव्हतं.

मावशींच्या हाती त्या वेळी वैद्यकीचं जाडजूड पुस्तक होतं, पानोपानी तळटिपा. बाकीचे गोष्टींची पुस्तकं लावत होते, त्यात तळटीप औषधालाही नाही. हा फरक कुणाच्या तरी लक्षात यायला हवा होता. पण आम्ही सगळेच हुशार. मावशींचं वय झालं, चुकीचं बटण दाबलं जात असणार, असं चहा पिताना आम्ही ठरवूनही टाकलं. हसणाऱ्यांत मीही होते.

निम्मेरावांनी मात्र शास्त्रशुद्ध चौकशी मांडली. पानं लावायच्या सॉफ्टवेअरला बाहेरून जोडलेली प्लगइन, म्हणजे छोटी जोडकामं, त्यांच्या मोजणीने चोवीस होती. बारा बंद केली. मावशींनी साठवलं, पडदा पांढरा. ती चालू करून उरलेली बारा बंद केली. पडदा पांढराच. मग चोवीसच्या चोवीस बंद. तरीही पांढरा. त्यांनी कागदावर दोन रेघा ओढल्या आणि मालकांना जाऊन सांगितलं, "प्लगइन निर्दोष आहेत."

मग दोषी कोण, हे त्यांनी सांगितलं नाही. मालकांनी ते स्वतःच समजून घेतलं आणि शुक्रवारपर्यंतची मुदत दिली. शुक्रवारी मावशींच्या हाती कामावरून काढल्याचं पत्र पडणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, मावशींनाही.

गुरुवारी दुपारी निम्मेराव मावशींचं सामान आवरायला मदत करायला आले. माणूस वाईट नाही, फक्त स्वतःवर फार विश्वास. मावशी पडद्याकडे बघत होत्या.

"यादीत सगळ्यात वर हे एक आहे, त्याच्यापुढची खूण काढली नाहीत का कधी?"

"ते राहू द्या. ते बंद करायचं नसतं."

"का?"

"ते माझं आहे, मावशी. मी स्वतः लिहिलंय. तळटिपा आपोआप जागेवर बसवतं."

मावशींनी खूण काढली आणि वैद्यकीच्या पुस्तकाचं सगळ्यात किचकट पान उघडलं. साठवलं. पडदा तसाच. पुन्हा साठवलं. अकरा वेळा साठवलं, मी मोजलं. मग त्यांनी पुन्हा खूण केली आणि एकदा साठवलं. पडदा पांढरा.

निम्मेरावांनी आपल्या जुन्या नोंदी उघडून तारीख बघितली. तीन महिन्यांपूर्वी त्यांनी त्या प्लगइनमध्ये सुधारणा केली होती. सुधारणा! त्यानंतर एका पानावर दहाच्या वर तळटिपा आल्या, की सगळा कारभार आडवा. आणि प्रत्येक चाचणीत हे पंचविसावं जावयासारखं मानाने चालू.

एक कबूल करायला हवं. ते तडक मालकांच्या खोलीत गेले. मालक म्हणाले, "सॉफ्टवेअरचा दोष म्हणून लिहून टाका, तुमचं नाव कशाला?" निम्मेरावांनी बिघाडाच्या वहीत लिहिलं, 'चूक माझी', आणि खाली सही केली. आयुष्यात प्रथमच त्यांनी काही निम्मं केलं नाही. वही घेऊन ते मावशींकडे आले.

मावशींनी ती ओळ दोनदा वाचली. मग पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला. हाडांच्या डॉक्टरांचा होता तो, शनिवारची वेळ घेतलेली. बोटं थरथरतात का, नस दबलीय का, हे तपासायला. घरी लेकीलाही सांगितलं नव्हतं. मला लाजेने वर बघवेना.

"म्हणजे माझे हात चांगले आहेत?" त्यांनी विचारलं.

निम्मेरावांनी मान डोलावली. मावशींनी कागद फाडला, खुर्ची पुढे ओढली आणि राहिलेलं पान लावायला घेतलं. पण दर ओळीनंतर त्या साठवत होत्या. आजही साठवतात.