आखणीकाकांचा सूर्य

आखणीकाका कुठल्याही घरात शिरले की आधी सूर्य शोधायचे, मग माणसं. आमच्या रोह्याच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा आईने पाण्याचा तांब्या पुढे केला, तर हे तिच्या खांद्यावरून मागच्या दाराकडे बघत म्हणाले, "वहिनी, तुमच्या ओट्यावर सकाळचं ऊन येतं ना?" आईला वाटलं, माणूस वास्तुशास्त्रवाला दिसतोय. ती घाबरून म्हणाली, "का हो, काही दोष आहे का?" "दोष नाय. नशीब हाय तुमचं," असं म्हणून त्यांनी मग तांब्या घेतला.

काका मूळचे कासूच्या खाडीकडचे. त्यांचे वडील मिठागरात कामाला होते. मीठ उन्हावर पिकतं, त्यामुळे ऊन ही फुकटची वस्तू नाही हे त्यांना अक्षरओळखीच्या आधीच कळलेलं. हातात बारा महिने एक काळी, लाकडी दांड्याची छत्री. पेणच्या बाजारातून मार्गशीर्षाच्या कडक दुपारी छत्री घेऊन, आणि तीही न उघडता, चालणारा हा माणूस बघून पोरं हसायची. काकांना त्याचं काही नसायचं.

'आखणी' हे त्यांचं आडनाव नव्हे. पेणला गणपतीच्या मूर्तीचे डोळे रंगवतात त्याला आखणी म्हणतात. सगळी मूर्ती रंगून झाली की शेवटी हे काम, आणि तेही कारखान्यातल्या एकदोघांनीच करायचं. काकांनी ते तीस वर्षं केलं. मग उजवा हात कापायला लागला. कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी स्वतःच कुंचला खाली ठेवला. "देवाला तिरळा करू काय?" एवढंच म्हणाले. त्यानंतर ते आमच्या सरांच्या, म्हणजे पेणमधल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात, होऊ घातलेल्या इमारतींची चित्रं रंगवायला येऊ लागले. झाडं, आकाश, भिंती. कापऱ्या हाताला एवढं जमत होतं.

आणि नेमक्या त्याच ऑफिसात सरांनी कॉम्प्युटर घेतला आणि त्याच्यासोबत मला. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. मी रोह्याहून एसटीने यायची. बाबा कंपनीत शिफ्टला, मी मुंबईला मावशीकडे राहून थ्री-डीचा कोर्स करून आलेली, आणि अख्ख्या रायगड जिल्ह्यात हे मला एकटीलाच येतं अशी माझी खात्री. माझ्यामुळे या म्हाताऱ्याचं काम जाणार, तो माझ्यावर खार खाणार, हेही मी गृहीत धरलं होतं. पहिल्या दिवशी काकांनी स्टूल ओढलं, माझ्या शेजारी बसले आणि पडद्यावरचा माझा चकचकीत बंगला अर्धा तास बघत राहिले. मी कौतुकाची वाट बघत होते.

"घाण कुठाय?" त्यांनी विचारलं.

"कसली घाण?"

"माणसांची. पावसाची. या घरात कोण ऱ्हात नाय, शुभे. कोणी ऱ्हायलाही यायचं नाय."

मला राग आला. पण दुसऱ्या दिवशी ते पुठ्ठ्याचे आठ-दहा तुकडे घेऊन आले. एकावर जांभ्या दगडाची भिंत, एकावर चुन्याच्या भिंतीला खालून चढलेली ओल, एकावर पन्हाळीखालचा गंजाचा ओघळ, एकावर कौलांवरचं शेवाळ. सगळं जलरंगात. "ही तुझ्या मशीनला खायला घाल," म्हणाले. मी ते स्कॅन केले आणि माझ्या भिंतींवर चढवले. भिंतीला वय आलं होतं. शेवाळ इतकं खरं कसं साधलं असं विचारलं, तर काकांनी आपला थरथरणारा हात माझ्यापुढे धरला आणि हसले. "शेवाळाला असलाच हात लागतो. देवाच्या डोळ्याला चालत नाय." त्या दिवसापासून आमची जोडी जमली. त्यांचा डोळा, माझा माऊस. सरांना मात्र ओल दाखवणं पसंत नव्हतं. गिऱ्हाईक पळेल म्हणायचे. मग काका ती एक बोटभर ठेवायचे, पण ठेवायचेच.

आमचं खरं भांडण झालं ते शिक्षकांच्या सोसायटीवरून. निवृत्त मास्तर आणि बाईंची ती चार मजली इमारत. तिचं तोंड उत्तरेला, पुढे एक गल्ली आणि गल्लीपलीकडे मंदाताईंचं पापडाचं अंगण. मंदाताई आणि त्यांच्या नऊ बाया दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत तिथे खाटांवर, चटयांवर पोह्याचे पापड वाळत घालायच्या. सोसायटीच्या सभेत दाखवायला मी चित्र केलं. इमारतीचं तोंड उन्हात नुसतं झळकत होतं. पुढे हिरवळ, तीन गुलमोहर. माझं तोपर्यंतचं सगळ्यात देखणं काम.

काकांनी स्टुलावर बसायच्या आधीच विचारलं, "सूर्य कुठं ठेवलास?"

"समोर. उत्तरेला."

"पेणात सूर्य उत्तरेला?"

"काका, कॉम्प्युटरमध्ये सूर्य कुठेही ठेवता येतो."

"ठेवता येतो म्हणून ठेवायचा?" त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकला. "जूनमध्ये जातो उत्तरेला, तोही जरासा. आणि जूनमध्ये पेणात सूर्य बघितलाय कोणी? आणि हे गुलमोहर कोणी लावले? इथं मंदाच्या खाटा असतात."

मी म्हटलं, शेजारचं सगळं दाखवायचं नसतं, चित्राचा उठाव जातो. काकांनी छत्री उचलली. "चल."

डिसेंबरच चालू होता. मंदाताईंच्या अंगणात काकांनी छत्री जमिनीत उभी रोवली तेव्हा बाया पदर तोंडाला लावून हसल्या. "काका, पाऊस येतोय जणू!" काका सावलीच्या टोकाला खडूने खूण करून बसले. दहा वाजता एक खूण, बाराला एक, तीनला एक. मधल्या वेळात मी पोह्याच्या लाट्या खाल्ल्या. मंदाताई माझ्या शेजारी बसल्या, पिठाचे हात गुडघ्यांवर ठेवून. मग हळूच म्हणाल्या, "समोर चुन्याची फक्की मारून गेलेत, गो. चार माळे येणार म्हनतात. आमाला धा ते तीन ऊन पायजे. नायतर पापडाला बुरशी. ऊन गेलं तं सगल्याच घरी बसू. पन बोलनार कोनाला? जागा त्यांची, सूर्य काय आमच्या नावावर नाय." हिरवळ आणि गुलमोहर मी कुठे लावले होते, ते माझ्या तेव्हा ध्यानात आलं. मला शरम वाटली. आजही वाटते.

ऑफिसात येऊन मी कॉम्प्युटरमध्ये छत्रीएवढी काठी उभी केली आणि तिची सावली काकांच्या तीनच्या खुणेवर येईपर्यंत सूर्य सरकवत नेला. मग काठीच्या जागी इमारत आणली. सावली गल्ली ओलांडून गेली, तिने खाटा गिळल्या आणि मागच्या कुडाजवळची चटयांची एक रांग तेवढी उन्हात उरली. आता चित्र खरं होतं, पण भयाण. त्या वेळच्या कॉम्प्युटरला थेट ऊन तेवढं कळायचं, ते इकडून तिकडे परावर्तित होतं हे कळायचं नाही. त्यामुळे इमारतीचं सावलीतलं तोंड कोळशासारखं काळं आलं.

"सावली काळी नसते, शुभे," काका म्हणाले. "मूर्तीच्या पापणीखाली सावली असते ना, तिथं मी कधी काळा नाय लावला. फिकट निळा लावायचा. डोळा तिथंच जिता होतो." मग ते पडद्यावरच्या अंगणाकडे बोट दाखवून म्हणाले, "हे मागचे पांढरे पापड उन्हात पडलेत, त्यांचा उजेड समोरच्या घरावर पडत नसेल काय? गॅलरीच्या छताला जाऊन लागेल तो." मला ही त्यांची हौस वाटली. पण मी चटयांच्या कडेने चौदा बारीक पिवळसर दिवे लपवून लावले. कॉम्प्युटरला सहा तास लागणारं चित्र नऊ तासांवर गेलं. आलं तेव्हा इमारत सावलीत होती, पण तिच्या गॅलऱ्यांच्या पोटाला आतून कोणीतरी हळद चोळल्यासारखा उजेड होता. माझं उन्हातलं चित्र त्याच्यापुढे पेढ्यावरच्या वर्खासारखं दिसायला लागलं.

सर मात्र ऐकेनात. "काका, पापड घरं घेत नाहीत, शिक्षक घेतात. उजळ चित्र न्या." सर माणूस वाईट नव्हते, धास्तावलेले होते. हे काम त्यांना हवं होतं. काका "बरं" म्हणाले.

सभेत सरांनी उजळ चित्र लावलं. सगळे माना डोलवत होते. तेवढ्यात मागे बसलेले काका उठले, त्यांनी मिटलेल्या छत्रीत हात घातला आणि गुंडाळून ठेवलेलं दुसरं चित्र बाहेर काढलं. सरांचा चेहरा पडला. माझा तर जीवच गेला, कारण ती प्रिंट मीच काढून दिली होती.

अध्यक्ष निवृत्त हेडमास्तर होते. त्यांनी चष्मा पुसला. "हे कुठल्या वेळचं?"

"डिसेंबर. दुपारी तीन."

"आणि ते सरांचं?"

"ते कुठल्याच वेळचं नाय," काका म्हणाले.

एक वयस्क बाई उठून जवळ आल्या आणि सावलीतल्या गॅलरीवर बोट टेकवून म्हणाल्या, "इथे खुर्ची टाकून बसावंसं वाटतंय." मग बोट खाली आलं. "आणि हे खाली काळं काय आहे हो?" काकांनी सांगितलं, "मंदाचं अंगण." बाईंचं बोट तिथेच राहिलं. हेडमास्तर आमच्या सरांकडे वळले. "आपल्याला थोडं मागे नाही का सरकता येणार?" सरांनी नकाशा पुढे ओढला, बराच वेळ बघितला आणि मग खरं तेच सांगितलं. "येईल. मागची मोकळी जागा पुढे आणावी लागेल. वरचा मजलाही मागे घ्यावा लागेल. पण तेवढ्याने पुरेल का, ते बघितल्याशिवाय सांगत नाही." बाहेर आल्यावर मला म्हणाले, "शुभा, आता खोटं बोलू नकोस हं." मी म्हटलं, "नाही सर." काकांना त्यांनी चहा मात्र पाजला.

पुरेल का, ते बघण्याचा दिवस मी विसरणार नाही. सकाळी मागे सरकवलेल्या इमारतीचं, तीच डिसेंबरची तीनची वेळ धरून, चित्र सुरू केलं. ते वरून खाली, एकेक रेघ उतरायचं. आधी आकाश, दुपारपर्यंत इमारत, मग गल्ली, सगळ्यात शेवटी अंगण. एकदा लाईट गेली असती तर सगळं पाण्यात. काकांनी चारच्या सुमाराला मंदाताईंना बोलावून घेतलं. त्या पिठाच्या हातांनीच आल्या, टेकायला तयार होईनात, दारातूनच पडद्याकडे बघत उभ्या राहिल्या. सरही आपली खोली सोडून आले. पडद्यावर गल्लीतली सावली खाली उतरत होती. रेघ, आणखी रेघ. काका पुटपुटत होते, "थांब. थांब आता. बास." अंगणालगतच्या गटाराची कड आली. सावली त्या कडेला टेकली. पुढच्या रेघेला पांढरं उमटलं. मग आणखी पांढरं. पहिली चटई, उन्हात.

"ऱ्हायलं," मंदाताई म्हणाल्या. "ऱ्हायलं गो आमचं ऊन." आणि तिथेच दारात मटकन बसून त्या रडायला लागल्या. सर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. काकांनी छत्रीवर दोन्ही हात ठेवले होते. मला इतकं हलकं वाटलं की मी मोठ्यांदा हसले, आणि मग थांबताच येईना.

इमारत उभी राहायला पुढे दोन वर्षं लागली. काका तिचा वरचा मजला बघायला राहिले नाहीत. गणपती नुकतेच होऊन गेले होते, जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. काकूंनी छत्री मंदाताईंकडे दिली.

डिसेंबरात मंदाताईंचा ऑफिसात फोन आला. "तीनला ये." मी गेले. अंगणाच्या कडेला छत्री रोवलेली होती. इमारतीची सावली गल्ली ओलांडत आली आणि गटाराच्या कडेला थांबली, जिथे पडद्यावर थांबली होती तिथेच. बाया पापड उलटत होत्या. कोणी त्या सावलीकडे बघतही नव्हतं, इतकी ती आता त्यांच्या रोजच्यातली झाली होती.

मी मान वर केली. दुसऱ्या मजल्यावर त्या वयस्क बाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. आणि त्यांच्या डोक्यावर, गॅलरीच्या छताला, हळदीचा उजेड होता. मला ती इतके दिवस काकांची हौसच वाटत आली होती. माझे चौदा दिवे इथे कोणी लावलेले नव्हते. होते ते फक्त उन्हात पडलेले पापड.

"उजेड हाय, काका," मी म्हटलं. "खरंच हाय."

"कोनाशी बोलतेस गो?" मंदाताईंनी विचारलं, आणि गरम लाटी माझ्या हातावर ठेवली.